नकाशावरचं माहेर

रत्नमाला नेमकं काय काम करते, हे खडकवाडीत कुणालाच धड सांगता येत नसे. तिचे वडील आप्पा, म्हणजे कारभारी शिंगाडे, पारावर छाती पुढं काढून सांगायचे, "आमची रत्ना औरंगाबादला कंप्युटरवर तापाचा नकाशा काढती." ऐकणारा मान हलवायचा आणि मनातल्या मनात म्हणायचा, ताप म्हणजे काय डोंगर आहे की नदी, त्याचा नकाशा काढायला? पण तोंडावर कोण बोलणार? अजिंठ्याच्या पायथ्याशी पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं वळलेल्या घरातली पोरगी एम.एस्सी. होते आणि शहरात एसीत बसून पगार घेते, ही गोष्टच एवढी मोठी होती की तिच्या मागून येणारं सगळंच लोक खरं धरून चालत.

काम तसं सांगायला सोपं होतं. जिल्ह्यातल्या दवाखान्यांतून डेंग्यू झालेल्यांची नावं पत्त्यासकट यायची. रत्नमाला प्रत्येक नावाचा एक लाल ठिपका नकाशावर ज्याच्या त्याच्या गावी बसवायची. मग ते ठिपके, आकाशातून काढलेले वस्त्यांचे फोटो, पाऊस, ऊन, घरांची दाटी असं सगळं कंप्युटरला भरवायचं. ते खाऊन खाऊन कंप्युटर शिकायचा की कसल्या वस्तीत ताप येतो आणि कसल्या वस्तीत येत नाही, आणि पुढच्या महिन्यात कुठं येणार ते आधीच सांगून मोकळा व्हायचा. येणार तिथं लाल, नाही तिथं हिरवं. धूर मारणारी गाडी आणि रक्त तपासणारी माणसं आधी लाल गावात जायची. गाड्या मोजक्या, गावं ढीगभर, तेव्हा आधी कुणीकडं पळायचं हे सांगणारं कुणीतरी हवंच होतं.

संस्थेचे प्रमुख गयास सर शहागंजातले. हे काम त्यांनी हौसेनं नाही, पोटतिडकीनं उभं केलेलं. मागच्या दोन वर्षांत नकाशानं जी जी गावं लाल सांगितली, तिथं तिथं ताप सापडलाही होता. आता जिथं शोधायला जाल तिथं काहीतरी सापडणारच, आणि जिथं जाणारच नाही तिथं काय सापडणार, हे शहाण्या माणसाला कळायला हरकत नव्हती. पण सलग दोनदा खरं बोलणाऱ्यावर आपण तिसऱ्यांदा डोळे मिटून भरवसा टाकतो. माणसावर टाकतो तसा यंत्रावरही टाकतो.

त्या वर्षी पावसानं खडकवाडीला तोंडच दाखवलं नाही. विहिरींचे तळ उघडे पडले, आप्पांनी निम्मी मेंढरं विकली, आणि गावातली तरणी पोरं एकामागून एक शहराच्या कडेला जाऊन राहिली. कुणी वाळूजला, कुणी बजाजनगरात, कुणी पैठण रोडला चितेगावच्या कंपन्यांत. शहर तिकडं फुगत चाललेलं. काल ज्वारीचं रान होतं तिथं आज पत्र्याच्या खोल्यांची ओळ, खोलीला एक दार, एक खिडकी, आणि दारात पाण्याचे निळे ड्रम.

अशाच एका खोलीत रत्नमालाची धाकटी बहीण दिपाली राहत होती. मोठी बिनलग्नाची राहिली आणि धाकटीचं उरकून टाकलं, म्हणून भावकीनं काय काय बोलून घेतलं होतं. रत्नमालाला त्याचं काही वाटलं नाही. दिपालीचा नवरा सर्जेराव पैठणकडचा, चितेगावच्या एका कंपनीत मशीनवर, कष्टाळू आणि मुलखाचा अबोल. लग्नाला दीड वर्ष झालं आणि दिपालीला दिवस गेले. घरातलं पहिलं नातवंड. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत. सातवा लागला की ओटी भरून पोरीला घेऊन यायचं, आणि तिला आणायला माहेरचा माणूस जायचा. त्याला मुराळी म्हणतात. आप्पा स्वतः मुराळी जाणार होते. त्यांनी टोपीसुद्धा नवी आणून ठेवली होती.

आणि नेमका त्याच महिन्यात नकाशा लाल झाला.

रत्नमालानं सकाळी कंप्युटर उघडला तर खडकवाडी लालभडक. तिनं आधी डोळे चोळले, मग ठिपके एकेक उघडून पाहिले. सगळी ओळखीची नावं. मोतीरामचा पोरगा. पारूबाईचा गणपत. गणपतची बायको. शाळेमागच्या घरातली दोन भावंडं. पत्ते सगळ्यांचे आधार कार्डावरचे, मुक्काम पोस्ट खडकवाडी. तिनं स्वतःच गेल्या दोन महिन्यांत हे ठिपके एकेक करून तिथं बसवले होते, पण रोज शेकडो नावं हाताखालून जातात तेव्हा एखादं गाव असं हळूहळू भरत गेलेलं ध्यानात येत नाही. चितेगावच्या मागची वस्ती मात्र स्वच्छ हिरवी होती. तिथं एकसुद्धा ठिपका नव्हता.

रविवारी ती गावी गेली. बानाबाई, तिची आई, आतली खोली सारवत होती. प्यायला पाणी नाही, पण टँकरच्या पाण्यातलं हंडाभर तिनं सारवायला बाजूला काढलं होतं.

"माय, दिपीला इतक्यात आणू नका," रत्नमाला म्हणाली.

बानाबाईचा शेणाचा हात तसाच थांबला. "कामून गं?"

"आपल्या गावात डेंगू हाये. नकाशात गाव लाल झालंय. पोटुशी बाईला डेंगू झाला तर लई वाईट असतं, माय. रक्तातल्या पेशी उतरत्या. बाई बी हातची जाती अन् लेकरू बी."

"अगं पर पयलं बाळातपण. माहेरी नाय आणायचं तं कुठं करायचं? लोक काय म्हणतील? सासूला काय सांगू?"

"लोकाचं मरू दे. तिथं चितेगावला सगळं हिरवं हाये. तिथंच राहू दे तिला दोन महिने. दवाखाना बी जवळ हाये."

आप्पा दारात बसून ऐकत होते. ते म्हणाले, "रत्ना म्हणती ते काय खोटं नाय. ताप हायेच की गावात. मोतीरामचं पोरगं आठ दिस पडून हुतं. गणपत तं मरता मरता वाचला."

"मंग म्या जाऊन ऱ्हाते तिच्यापाशी," बानाबाई म्हणाली. म्हणाली खरी, पण बोलता बोलताच तिचा आवाज बसला. नातवंड झाल्याशिवाय लेकीच्या घरचं पाणीही प्यायचं नाही, असं पाळणारी ती बाई. आणि त्या एवढ्याशा खोलीत, जावयासमोर, ती राहणार कुठं आणि खाणार काय? तिनं रत्नमालाकडं पाहिलं. "तू म्हणतीस म्हंजी तसंच असंल बाई. तू शिकलेली."

इथं कुणीतरी एक साधा प्रश्न विचारायला हवा होता. ज्या गावात माणसाला पाणी नाही, त्या गावात डास अंडी घालतो कुठं? डेंग्यूचा डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो, त्याला चांगला आठवडा लागतो, हे रत्नमालाला पाठ होतं. खडकवाडीत टँकरचं पाणी सांज व्हायच्या आत संपायचं आणि हंडे घासून पालथे पडायचे. पण तो प्रश्न तिघांपैकी कुणाला सुचला नाही. भीती आत शिरली की अक्कल मागच्या दारानं निघून जाते, आणि ही तर पोटच्या पोरीची भीती होती.

आप्पांनी नवी टोपी कागदात गुंडाळून पुन्हा फळीवर ठेवली.

दिपालीला हे फोनवर सांगायचं रत्नमालाच्या जिवावर आलं. दुसऱ्या दिवशी दुपारची सुट्टी काढून ती चितेगावला गेली. दिपाली उंबऱ्यातच बसली होती. पोट चांगलं दिसायला लागलेलं, पाय थोडे सुजलेले, आणि खोलीत कॉटवर बॅग भरून तयार.

"आप्पा कव्हा येतेत?" तिनं बसायलाही न सांगता विचारलं.

रत्नमालानं सगळं सांगितलं. दिपालीनं ऐकून घेतलं आणि मग जी रडायला लागली ती थांबेचना. शेजारणी डोकावून गेल्या. रत्नमालानं फोन काढून तिला नकाशा दाखवला. बोटानं मोठा करून दाखवला. "हे बघ, हे आपलं गाव. लाल. अन् ही तुही वस्ती. कशी हिरवीगार."

"तुह्या फोनमदी हिरवं दिसतंय म्हणून म्या इथं बाळंत होऊ व्हय?" दिपाली म्हणाली. "आक्का, इथं काय हिरवं हाये ते दाखव मला. एक झाड तरी हाये का?"

"येडी हायेस का तू? ते हिरवं म्हंजी झाडाचं नाय."

"मला ठावं हाये गं." तिनं पदरानं नाक पुसलं. "मला मायपाशी जायचंय. काय नको मला दुसरं. तिच्या मांडीवर डोकं ठिवून पडायचंय, अन् तिच्या हातची कढी खायची. ती पोरं दिस काढत असतील तिथं, आक्का, तशी म्या बी एक. मला काय व्हतंय?"

"दोन महिने दम धर. लाल उतरलं की मी सोता तुला घेऊन जाईन. शप्पथ."

निघताना रत्नमालानं दारातल्या ड्रमांकडं पाहिलं. टँकर इथं आठवड्यातून एकदा यायचा, म्हणून प्रत्येक दारात तीन-तीन, चार-चार ड्रम. दिपालीच्या ड्रमांवर झाकणं होती. शेजारच्यांवर कुठं फाटकी चादर, कुठं काहीच नाही. पाण्यात काहीतरी वळवळल्यासारखं तिला वाटलंसुद्धा. "झाकणं नीट लावत जा गं," ती म्हणाली, "अन् बाजूवालीला बी सांग." एवढं बोलून ती रिक्षात बसली. हीच रत्नमाला एखाद्या लाल गावात असती तर तिनं ड्रम उलथे केल्याशिवाय पाय हलवला नसता. इथं तिला स्वतःच्या डोळ्यांपेक्षा त्या हिरव्या रंगाचा भरवसा जास्त वाटला. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

ओटी चितेगावलाच भरली. शेजारणींनी भरली. बानाबाईनं एसटीच्या कंडक्टरच्या हाती खण, नारळ आणि लाडवांचा डबा पाठवला. दिपालीनं हिरवी साडी नेसून फोटो काढला आणि आक्काला पाठवला. फोटोत ती हसत होती, पण ते हसू ओढून आणलेलं होतं.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, ऑफिसात काम चालू असताना सर्जेरावचा फोन आला. हा माणूस कधी आपणहून फोन करत नसे, त्यामुळं नाव बघताच रत्नमालानं हातातलं काम टाकून फोन उचलला.

"ताई, दिपालीला परवापासून ताप हाये. गोळी दिली तं उतरला हुता. आज लई चढलाय. अंग दुखतंय म्हणती, डोळे दुखतेत म्हणती."

"परवापासून? अन् आज सांगता, पाव्हणं?"

"नाय, तेच म्हणलं... गाडी बघतोय. गावाकडं नेतो. खडकवाडीला. इथं कुणी आजारी पडलं की गावाकडंच नेतेत सगळे. कंपनीला खाडा करून किती दिस बसणार? तिकडं आई तरी हाये बघायला."

"गावाकडं नाय!" रत्नमाला ओरडली. सगळं ऑफिस वळून बघायला लागलं. "गावाचं नाव काढू नका. मोठ्या दवाखान्यात न्या, मी आलेच."

सर्जेराव काय बोलून गेला, ते तिच्या कानावर पडलं होतं. पण ते मनात उतरायला सवड कुठं होती?

ती दवाखान्यात पोचली तेव्हा दिपाली केसपेपरच्या खिडकीजवळच्या बाकावर नवऱ्याच्या खांद्यावर मान टाकून बसली होती. तोंड लालबुंद. खिडकीतल्या माणसानं कार्ड मागितलं. सर्जेरावनं पाकिटातून दिपालीचं आधार कार्ड काढून दिलं. लग्नानंतर नाव बदलायचं राहूनच गेलं होतं. खोलीचा मालक भाडेकरूला कागद करून देत नाही, तर पत्ता तरी कशावर बदलणार? खिडकीतला माणूस टाइप करता करता मोठ्यानं म्हणत गेला, "दिपाली कारभारी शिंगाडे. मुक्काम खडकवाडी." त्याच्यापुढं माणसांची ही रांग. त्याचं काही चुकलं नाही. रत्नमालानंही ते ऐकलं आणि बहिणीच्या कपाळावर हात ठेवला. कपाळ तव्यासारखं तापलेलं होतं.

डॉक्टरांनी हात आखडता घेतला नाही, हे सांगायलाच हवं. सलाइन लावलं, पेशी आणून चढवल्या, पोटातल्या बाळाचे ठोके दर थोड्या वेळानं ऐकले. पण पेशी चढवल्या की उतरायच्या, चढवल्या की उतरायच्या. एका दुपारी बाळाचे ठोके लागेनात. ते दिपालीला कुणी सांगितलं नाही. तिला ते कळलं की नाही, कोण जाणे. ती पोटावर हात ठेवून पडून होती आणि तो हात तिनं शेवटपर्यंत काढला नाही.

बानाबाई आणि आप्पा वाटेत होते. सिल्लोडच्या पुढं रस्त्याचं काम निघालेलं, एसटी तिथंच अडकून पडलेली.

"आक्का," दिपाली म्हणाली. ओठ सुकून फुटले होते. "गाव अजून लालच हाये का गं?"

रत्नमाला तिच्यावर वाकली. "नाय. हिरवं झालं. कालच झालं."

"मंग जायचं?"

"जायचं. आप्पा निघालेत तुला न्यायला. येतच असतील."

"मुराळी?"

"व्हय. मुराळी."

दिपालीनं डोळे मिटले. तिला बरं वाटल्यासारखं दिसलं. एसटी शहरात पोचली तेव्हा आप्पांना मुराळी म्हणून न्यायला काही उरलं नव्हतं.

मातीसुद्धा सासरच्या गावी झाली. रीतच तशी. लग्न झालेली पोर मेल्यावरही माहेरी येत नाही. पैठणकडच्या त्या अनोळखी गावात आप्पा डोक्याला नुसता पंचा गुंडाळून उभे होते. बानाबाई रडली नाही. ती एकाच गोष्टीचं बोलत होती, आणि तेही स्वतःशीच. "म्या खोली सारवून ठिवली हुती," ती म्हणायची. "दोनदा सारवली हुती."

खडकवाडीत मग बायका भेटायला यायला लागल्या. यायच्या, बानाबाईच्या गळ्यात पडून रडायच्या, आणि रडणं सरलं की भिंतीला टेकून बसायच्या. पारूबाईही आली. गणपतची आई. ती म्हणाली, "देवानं माह्या गणप्याला परत दिलं अन् तुही नेली बाई. त्यालाबी हाच ताप. वाळूजहून फणफणतच आला हुता. मोटरसायकलीवर मधी बसवून आणला दोघांनी. सूनबी तशीच, चार दिसांनी तिकडूनच तापानं आली."

रत्नमाला कोपऱ्यात बसली होती. तिनं मान वर केली. "मावशी, गणपतला ताप वाळूजलाच आलता?"

"मंग? इथं कुठून येईल? तो दिवाळीपस्तोर येणारच नव्हता. पडला म्हणून आला. तिथं खोलीवर कोण पेज करून देणार?"

"अन् मोतीरामकाकाचा?"

"तो बजाजनगरातून. त्याला तं टेम्पोत घालून आणलं. अन् शाळंमागची ती दोघं तुह्या दिपीच्याच वस्तीतली की. त्याच गल्लीत ऱ्हातेत."

पारूबाई पुढंही बोलत राहिली. रत्नमालाला काही ऐकू येईनासं झालं. ताप आला की गावाकडं. हे तिला ठाऊक नव्हतं असं थोडंच होतं? होस्टेलला असताना तिला स्वतःला टायफॉइड झाला तेव्हा ती नाही का आली होती याच घरात, याच मायच्या हाताखाली? शहरातली खोली निरोगी माणसापुरती असते. माणूस पडलं की त्याला उचलून गावी आणतात. मग इथं रक्त तपासतात, इथल्या पत्त्यावर नाव चढतं, आणि ठिपका इथं बसतो. खडकवाडीत कुणाला डास चावलाच नव्हता. खडकवाडी नुसती उशाशी बसली होती, आणि नकाशानं तिलाच रोगी ठरवलं. ज्या वस्तीत माणसं आजारी पडत होती ती वस्ती आपली माणसं गावी पाठवून हिरवीगार राहत होती.

आणि आपण काय केलं? आजारी पडलेलं सगळं जग माहेरी आलं, आणि धडधाकट दिपीला तेवढं आपण तिथं थांबवलं.

ती उठून आईपाशी गेली. "माय," ती म्हणाली, "गावात ताप नव्हता. आणायला पायजे हुती तिला."

बानाबाईला ते नीट कळलं की नाही ते सांगता येत नाही. तिनं रत्नमालाचं डोकं ओढून आपल्या मांडीवर घेतलं आणि केसांतून हात फिरवत राहिली. रत्नमालाला ते सहन होईना. ही मांडी दुसरीनं मागितली होती.

तेरावा झाल्यावर ती ऑफिसला गेली. गयास सरांनी तिला बघून खुर्ची पुढं सरकवली. "बैठो बेटा. आणखी सुट्टी घ्यायची होतीस."

तिनं बसायच्या आधीच सांगायला सुरुवात केली. गणपत, मोतीरामचा पोरगा, ती दोन भावंडं, कार्डावरचे पत्ते, सगळं. तिचं झाल्यावर सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"म्हणजे आपण त्याला उलटं शिकवलं," ते हळू म्हणाले. "जिथं निळे ड्रम दिसतात तिथं ताप नाही, असं शिकला तो. आणि जिथं कोरडी विहीर, मेंढरांचे वाडे, तिथं ताप. या अल्लाह. कसूर मशीनची नाही, रत्नमाला. त्यानं आपण भरवलं तेच खाल्लं." मग त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. "सगळे ठिपके उठवावे लागतील. एकेकाला फोन करून विचारायचं, ताप आला त्याच्या आधी पंधरा दिवस तू कुठं होतास, कुठं झोपत होतास. वर्षभराचं काम आहे. आणि आजच धुराची गाडी चितेगावला पाठवायची, नकाशा काय म्हणतो ते न बघता."

रत्नमालानं तिचा कंप्युटर उघडला. ती नसताना गेल्या पंधरवड्याची नावं ऑफिसातल्या कुणीतरी पत्त्याप्रमाणं बसवून ठेवली होती. खडकवाडी होती त्याहून लाल झाली होती. एक ठिपका नवा होता. तिनं त्याच्यावर बाण नेला. दिपाली कारभारी शिंगाडे, वय तेवीस, गरोदर, मुक्काम खडकवाडी.

दिपाली माहेरी आली होती.

ठिपका बरोब्बर गावाच्या मधोमध बसला होता, पारापासून हाकेच्या अंतरावर, जिथं त्यांचं घर आहे तिथंच जवळपास. बाजूला गणपत होता, मोतीरामचा पोरगा होता, सगळी गल्लीतली माणसं होती. रत्नमालाच्या डोळ्यांना धारा लागल्या. कुणी बघतंय का, याचं तिला भान उरलं नाही. राहू दे, तिला वाटलं. एकच तर ठिपका आहे. बाकीचे सगळे उठवू, हा एवढा राहू दे. हजारांत एका ठिपक्यानं नकाशाचं काय बिघडतंय? जिवंतपणी आपण येऊ दिली नाही, मेल्यावर रीतीनं येऊ दिली नाही. आता आपली आपण येऊन बसलीय तर बसू दे.

पण दिपालीच्या त्या वस्तीत अजून खोल्यांची ओळ होती. दारोदार ड्रम होते. शेजारणींतली एक तर दिपालीच्याच बरोबरीनं पोटुशी होती, ओटी भरायला तीही होती. चितेगावला अजून एकही ठिपका नव्हता.

गयास सर मागं येऊन उभे राहिले होते. त्यांनी नाव वाचलं. "हा मी हलवतो," ते म्हणाले. "तू बघू नकोस."

"नको, सर," रत्नमाला म्हणाली. "माहेरवाशिणीला सासरी पोचवायला घरचंच माणूस जातं."

तिनं ठिपका धरला. सिल्लोडवरून, फुलंब्रीवरून, शहराच्या गर्दीतून, पैठण रोडनं तिनं तो सावकाश आणला. पोचल्यावरही तिला बोट उचलवेना. मग उचललं. हिरव्यागार वस्तीत एकुलता एक लाल ठिपका उभा राहिला, आणि खडकवाडीत होती ती जागा रिकामी झाली.